खुर्चीला बोलता येत नाही

३ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. 'सप्रेम' मुद्दाम लिहिलं आहे, तेव्हा त्याच्यावरून घाईघाईने नजर फिरवून पुढे जाऊ नकोस.

फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि 'ते अंघोळीला गेलेत' असं सांगते. आठवडाभर माणूस अंघोळच करतोय म्हटल्यावर मी काय समजायचं ते समजले. म्हणून हे पत्र. आलेलं पाकीट फोडल्याशिवाय तुला राहवत नाही, बँकेची जाहिरातसुद्धा तू खालच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचतोस, तेव्हा बहिणीचं पत्र वाचशीलच.

रविवारी सवयीने तुझं ताट मांडलं गेलं. मग उचललं. आमच्या घरातल्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, 'किती दिवस चालणार हे?' मी म्हटलं, 'दादाला विचारा.' त्यावर म्हणाले, 'दोघांचेही दात मीच तपासलेत, जबडे शाबूत आहेत, तेव्हा बोलायला हरकत नसावी.' आपल्याच विनोदावर हसत ते हात धुवायला गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस चुकीच्या वेळी विनोद करायचा काही थांबत नाही.

आईचं तुला कळलं असेलच. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायला ती तयार आहे, पण तिची अट आहे. आपण दोघं मिळून तिला न्यायला गेलो तरच ती जाणार. 'एकेकटे आलात तर दार उघडणार नाही, आहे तेवढं दिसतंय ते पुरे,' म्हणाली. तिने टीव्हीवर सगळं पाहिलंय, दादा. शेजारच्या बाईंनी तर पेपरही आणून दिला.

पेपरवाल्यांना काय, त्यांना आयतंच मिळालं. 'बहिणीने केलं भावाचं तोंड बंद!' म्हणे. तुझं तोंड बंद करणं आईला जमलं नाही, शाळेत गुरुजींना जमलं नाही, वहिनीने तर नादच सोडला. मी काय डोंबल बंद करणार! वेळ संपत आल्याचा पिवळा दिवा लागला, मग संपल्याचा तांबडा लागला, मग मी घंटा वाजवली, मग 'सन्माननीय सदस्यांनी आटोपतं घ्यावं' असं दोनदा म्हणाले. तू हात वर करून 'एकच मिनिट' म्हणालास आणि गावांतल्या प्रसूतिगृहांचा नवा मुद्दा काढलास. त्यानंतर मी माइक बंद केला. दुसरा कोणी असता तर कदाचित तांबड्या दिव्यालाच केला असता. तुझ्या बाबतीत मी जरा जास्तच थांबले आणि त्याबद्दल सरकारी बाकांवरून मला टोमणे ऐकावे लागले, ते तुला कोणी सांगितलं नसेल.

चूक झाली असं मी म्हणणार नाही. उद्या पुन्हा वेळ ओलांडलीस तर पुन्हा बंद करीन. अध्यक्षांच्या या खुर्चीवरून एकदा भावाला मिनिट वाढवून दिलं की मग कोणालाच नाही म्हणायला तोंड राहत नाही. हे तुला कळत नाही असं नाही. तुला ते कळतं आणि तरी तू रुसला आहेस, हीच तर गंमत आहे.

काल कामकाज सल्लागार समितीत तू विरोधी पक्षाचा नेता म्हणून माझ्या बरोबर समोर बसलास आणि सगळा वेळ माझ्या डोक्यावरच्या भिंतीशी बोललास. तिथे पूर्वीच्या एका अध्यक्षांची तसबीर आहे. त्यांना वारून बरीच वर्षं झाली, पण तुझं सगळं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सरकारी प्रतोदांनी आपल्या कार्यक्रमाचा कागद पुढे सरकवला: अधिवेशनाचा शेवटचा दिवस, दुपारचं जेवण झाल्यावर, चार विधेयकं एकत्र, त्यातलं तिसरं प्रसूतिगृहांचं, आणि चारही मिळून एक तास. तू म्हणालास, एकट्या प्रसूतिगृहांना दोन दिवस हवेत. ते म्हणाले, एक तास. तू म्हणालास, 'शेवटच्या दिवशी निम्मे सदस्य बॅगा भरून गाडीची वेळ बघत असतात.' ते म्हणाले, 'म्हणूनच तर.' मग ओशाळून, 'म्हणजे तसं नव्हे.' मला हसू दाबताना खोकल्याचं सोंग करावं लागलं. तू मात्र कागद गोळा करून उठलास. बशीतल्या बिस्किटाला हात लावला नव्हतास, तेव्हाच सगळ्या समितीला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

एकमत होत नसेल तर शेवटचा शब्द अध्यक्षांचा असतो. मी निर्णय राखून ठेवला आहे. लहान गावांतली प्रसूतिगृहं मोडून जिल्ह्याला एकच मोठं करावं असं सरकार म्हणतं. करू नये असं तू म्हणतोस. मी काहीच म्हणत नाही. अध्यक्षांना विधेयकाबद्दल मत नसतं, आणि ते पत्रातही नसतं. तेव्हा या विषयावर आणखी काही लिहीत नाही.

आमचं वरचं छप्पर गळतंय. सरकारी बंगला असल्यामुळे गळती बघायला तीन खात्यांची माणसं येऊन गेली. तिघांनीही वर बघून मान हलवली. बादली आम्हीच ठेवली.

टिल्लूचा फोन आला होता. तुझ्या लेकीला अजून टिल्लू म्हणताना मला हसू येतं, पोरगी दारात उभी राहिली की उजेड अडतो. आपल्या गावच्या प्रसूतिगृहातल्या कामात रमली आहे. तुझ्यासारखी बोलत नाही, कामाला लागते. कोणावर गेली कोण जाणे.

आईचं काय ते कळव.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

दादा,

उत्तर मिळालं. 'आईच्या डोळ्याची तारीख डॉक्टर अधिवेशनानंतर देणार आहेत. बाकी बोलणं सभागृहात.' झालं. मी कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का म्हणून. ज्या माणसाचं प्रास्ताविकच पिवळ्या दिव्यापर्यंत चालतं, त्याला बहिणीसाठी दोन ओळी पुरल्या. मला राग आला होता, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आज लिहिते आहे कारण गावी जाऊन आले, आणि जे पाहिलं ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

आई बरी आहे. सभागृहाचं प्रक्षेपण ती अजून रोज बघते, पण आवाज बंद करून. मी विचारलं, 'मग कळतं काय?' म्हणाली, 'चेहऱ्यावरून कळतं ना, कोण बरोबर आहे ते.' मी लगेच विचारलं, 'मग कोण बरोबर होतं?' तर म्हणाली, 'तू आधी हातपाय धू.' म्हणजे तुझ्याच बाजूने असणार. ती नेहमीच तुझ्या बाजूने असते, आणि तुला वाटतं माझ्या.

दुसऱ्या दिवशी टिल्लूचा डबा घरी राहिला होता तो द्यायला म्हणून प्रसूतिगृहात गेले. इमारत तू पाहिली आहेस, मी मात्र निवडून आल्यावर एकदा फीत कापायला गेले होते त्यानंतर आत गेलेच नव्हते. फीत कशाची होती तेही आठवेना. तिथे गेल्यावर कळलं, पाण्याच्या टाकीची. टाकी चालू आहे. नशीब.

लांबट ओसरी, भिंतीला लागून बाक, एका खिडकीची काच फुटलेली तिथे पुठ्ठा लावलेला. आत पाच खाटा. पाचही भरलेल्या होत्या. बाळांचं वजन करायचा काटा टेबलावर आणि त्याच्या पारड्यात धुऊन वाळवलेला मऊ पंचा, कारण थंड पत्रा पाठीला लागला की पोरं किंचाळतात, असं टिल्लूने सांगितलं. ती इकडून तिकडे जात होती आणि मला म्हणत होती, 'आत्या, जरा सरक. आत्या, हे धर.' मी धरत होते. सभागृहात मी उभी राहिले की सगळे गप्प होतात, इथे मी उभी राहिले की कोणाच्या तरी वाटेत येत होते.

बाकावर एक सासूबाई बसल्या होत्या. डोंगरापलीकडच्या वाडीतल्या. सुनेला दुधाच्या गाडीत घालून आणलं होतं. मला निरखून म्हणाल्या, 'तुम्हीच ना त्या टीव्हीतल्या, उंच खुर्चीवरच्या?' मी हो म्हटलं. 'मग तुमच्याच हातात असेल सगळं. बंद नका हो होऊ देऊ हे. जिल्ह्यापर्यंत पोचलो नसतो आम्ही.' मी म्हटलं, 'माझ्या हातात घंटा आहे, मावशी.' त्यांना वाटलं मी चेष्टा केली. त्या मनापासून हसल्या आणि सरकून मला बाकावर जागा दिली.

मग टिल्लू चहा घेऊन आली. उभ्या उभ्याच विचारलं, 'आत्या, तू या विधेयकावर काय बोलणार आहेस?'

'मला बोलता येत नाही.'

'का? घसा बसलाय?'

'अगं, अध्यक्षांना चर्चेत बोलता येत नाही. अध्यक्ष दुसऱ्यांना बोलू देतात.'

'मग आपल्या गावाच्या वतीने कोण बोलतं?'

दादा, तुझा मतदारसंघ शेजारचा. गाव माझ्याकडे आहे. गावाने मला निवडून पाठवलं आणि पक्षाने मला उचलून खुर्चीवर बसवलं. तेव्हा सगळ्यांनी हार घातले, मिरवणूक काढली. गाव मुकं झालं हे कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मी टिल्लूला म्हटलं, 'तुझा बाप बोलला ना.'

'त्यांचं तर तू बंद केलंस,' ती म्हणाली.

भांडत नव्हती. आवाजही चढवला नाही. रिकामा कप माझ्या हातातून घेतला आणि गेली, कारण आतून कोणीतरी हाक मारली होती. थोड्या वेळाने त्या सासूबाईंना नातू झाला. त्यांनी मला मिठी मारली, आपण कोणाला मिठी मारतोय याचा विचार न करता, आणि मीही मारली.

परत आले आणि निर्णय दिला. तो तू समितीत ऐकलासच. प्रसूतिगृहांचं विधेयक शेवटच्या दिवशी येणार नाही. आदल्या दिवशी, सकाळी, प्रश्नोत्तरं संपल्यावर, एकटं, आणि चर्चेला चार तास. तू दोन दिवस मागितले होतेस, ते मिळाले नाहीत. पण मी निर्णय वाचत असताना तू त्या तसबिरीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलंस. लगेच खाली बघितलंस, तरी मी पाहायचं ते पाहिलं.

तू गेल्यावर काय झालं ते मात्र तुला माहीत नाही. सरकारी प्रतोद मागे रेंगाळले. फार सभ्य माणूस, दमसुद्धा विचारपूस केल्यासारखा देतात. म्हणाले, 'मॅडम, तब्येत सांभाळा. पुढच्या अधिवेशनात खुर्ची तीच असेल, पण माणूस तोच असेल असं नसतं.' मी म्हटलं, 'मग त्या माणसासाठी पाठीला एक उशी मागवून ठेवा. माझी पाठ रोज धरते.' ते हसले. मीही हसले. बाहेर आल्यावर मी मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीत जाऊन बसले. हे तुलाच सांगते. घरी सांगितलं तर दात सोडून बाकी सगळं तपासायला नेतील.

चार तास मिळाले म्हणून खूश हो. इतकंच माझ्या हातात होतं.

तुझी,
धाकटी

ता. क. इतकंच होतं का, हा प्रश्न टिल्लूने पुन्हा फोनवर विचारला. मी तिला म्हटलं, पेशंट बघ.


२६ मार्च

दादा,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. माझ्या शिपायाच्या हाती देते आहे आणि तुझ्याच हातात द्यायचं असं त्याला बजावलं आहे. अंघोळीला गेला असलास तर तो बाहेर थांबेल.

छपराचं काम झालं. चौथ्या खात्याचा माणूस आला आणि त्याने चक्क वर चढून भोक बुजवलं. आता आम्हाला बंगला सोडायची वेळ आली आणि तो गळायचा थांबला. ही ओळ तू परत वाचणार, म्हणून सरळच सांगते. उद्या सकाळी, सभागृह भरायच्या आधी, मी अध्यक्षपदाचा राजीनामा उपाध्यक्षांच्या हातात देणार आहे. उद्याची चर्चा तेच चालवतील. पत्र लिहून टेबलावर ठेवलं आहे. डॉक्टरांना सकाळी सांगितलं. त्यांनी या खेपेला विनोद केला नाही. नुसतं म्हणाले, 'दवाखान्याच्या वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. रंग द्यावा लागेल.' कसला रंग द्यायचा यावर आमचं भांडणही झालं. मला फार बरं वाटलं.

आता कारण. पक्षांनी वक्त्यांच्या याद्या माझ्याकडे दिल्या. आमच्या पक्षाच्या यादीत जितकी नावं आहेत ती सगळी मोठ्या शहरांतली. त्यांच्याकडे इस्पितळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण गेल्या आठवड्यात आमच्याच बाकांवरचे तिघे जण माझ्या दालनात येऊन गेले. एकत्र नाही, एकेक करून. प्रत्येकाने आत आल्यावर दार नीट लागलंय का ते पाहिलं. तिघांच्याही गावची प्रसूतिगृहं बंद होणार आहेत, तिघांनाही गावात तोंड दाखवायचं आहे, आणि तिघंही शब्दाला शब्द तेच म्हणाले: 'आमच्या बाजूने आधी कोणीतरी उठायला हवं.' विधेयक पाडायची त्यांची छाती नाही. पण पुन्हा तपासायला समितीकडे पाठवा, एवढं म्हणायला ते तयार आहेत. तुझी माणसं आणि हे तिघे मिळाले तर ते होतं. हिशेब तुला माझ्याहून चांगला येतो.

तिसरा माणूस गेल्यावर मी टेबलापाशी बसले आणि मनात म्हटलं, बाई, हे सगळे तुझ्याकडेच का येतायत? आधी उठणारं कोण, हे त्यांनी ठरवून टाकलंय, फक्त तुला सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे. दोन पत्रं लिहिली त्यात ती लिहिली नाही. आज लिहिते.

त्या दिवशी तुझा माइक बंद झाला, तरी तू बोलत राहिलास. सभागृहाच्या वृत्तांतात नोंद आहे, 'सदस्य बोलत राहिले, ऐकू आले नाही.' पत्रकारांना ऐकू आलं नाही, तुझ्या मागच्या रांगेला आलं नाही, तेवढा गोंगाट होता. मला आलं, दादा. तू पहिल्या रांगेत, माझ्या नाकासमोर. तू हातातले कागद हलवत म्हणालास, 'अगं, तुझंच तर बोलतोय मी!'

भर सभागृहात अध्यक्षांना 'अगं' म्हणालास. कामकाजातून काढून टाकायला हवं होतं, पण कामकाजात गेलंच नव्हतं. मी समोरच्या कागदांत डोकं घातलं आणि पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं. दुपारी दालनात आले, शिपायाला काहीतरी आणायला पाठवलं आणि रडले. माइक बंद केला म्हणून नाही. तो बरोबरच बंद केला, आणि हे मी मरेपर्यंत म्हणत राहीन. रडले कारण तू खरं बोलत होतास. माझ्या गावाचं, मला ज्यांनी मतं दिली त्यांचं, तू आपल्या पक्षाच्या वेळेतून बोलत होतास. तुझ्या स्वतःच्या मतदारसंघातलं इस्पितळ तर राहणारच आहे. त्यातलं एक मिनिटही तुझ्या कामाचं नव्हतं.

आणि तू रुसलास ते मी माइक बंद केला म्हणून नाही, हेही मला कळलं. मी ऐकलं नाही असं तुला वाटलं, म्हणून रुसलास. ऐकलं रे. ऐकू आलं नाही असं दाखवलं, कारण ऐकलं असं दाखवलं असतं तर मला खुर्चीवरून खाली यावं लागलं असतं.

तर आता येते आहे. पण पुढे एक अडचण आहे, आणि ती सांगण्यासाठीच हे सगळं लिहिलं.

राजीनामा दिला की मी साधी सदस्य. साध्या सदस्याला बोलायचं तर कोणाच्या तरी यादीत नाव लागतं. काल आमच्या पक्षाच्या, म्हणजे त्याच सरकारी प्रतोदांकडे गेले. अजून अध्यक्ष आहे म्हणून ते उठून उभे राहिले. मी म्हटलं, चर्चेत मला वेळ हवा. ते म्हणाले, 'आपल्याला? कशासाठी?' मी सांगितलं. ते परत खाली बसले. मग सभ्यपणे म्हणाले, 'मॅडम, विरोधात बोलायला मी आपल्याला अर्धं मिनिट दिलं तर पुढची सगळी वर्षं मला बोलायला अर्धं मिनिट मिळणार नाही.' त्या माणसाचा मला राग येत नाही. त्याचंही घर त्या यादीवरच चालतं. पक्ष मला काढेल, तेही त्याने आडून सांगितलं. काढू देत.

आता नियम ऐक. कोणत्याही पक्षाला आपल्या वाट्याच्या वेळेतून कोणत्याही सदस्याला मिनिटं देता येतात, तो आपल्या पक्षाचा असो वा नसो. माझ्या पाहण्यात हा नियम कधी वापरला गेलेला नाही, कारण आपल्या तोंडातला घास कोण देतो? तुझ्या वाट्याला किती वेळ आलाय ते मला चांगलं माहीत आहे, वाटप मीच केलंय. तुझी माणसं पाच पाच मिनिटांसाठी एकमेकांच्या अंगावर येतायत तेही माहीत आहे, आवाज माझ्या दालनापर्यंत येतो. आणि ज्या बाईने तुझी वेळ संपली म्हणून सगळ्या देशासमोर तुझा माइक बंद केला, तीच आता तुझ्याकडे वेळ मागते आहे. हस. मी तुझ्या जागी असते तर आधी पोटभर हसले असते, आणि मग दारात उभं करून जरा ताटकळत ठेवलं असतं.

मला पाच मिनिटं हवी आहेत. सहा नकोत. डोंगरापलीकडच्या त्या सुनेबद्दल सांगायचं आहे, दुधाच्या गाडीबद्दल सांगायचं आहे, आणि एक सरळ प्रश्न विचारायचा आहे की जिल्ह्याचा रस्ता पावसात बंद असतो तेव्हा काय करायचं. तेवढं पाच मिनिटांत बसतं. मी बसवून पाहिलं आहे, डॉक्टरांना समोर बसवून. ते मध्येच टाळ्या वाजवायला लागले म्हणून पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

देणार असशील तर नाव खाली कुठेतरी टाकू नकोस. पहिल्या दोनतीन नावांत घाल, म्हणजे मी बसले की त्या तिघांना उठायला हुरूप येईल. द्यायचं नसेल तर शिपायाजवळ तसं सांग. राग येईल मला, उगाच येणार नाही म्हणत नाही. पण तू कोणाची मिनिटं कापून मला देणार, आणि त्या माणसाला काय सांगणार, हे मलाही दिसतं. वेळ वाटायला बसलेल्याचं दुखणं मी विसरलेले नाही. आणि काहीही ठरवलंस तरी आईकडे आपण दोघं मिळून जाणार आहोत, त्यात या पत्राचा काही संबंध नाही.

भीती वाटते आहे, दादा. इतकी वर्षं दुसऱ्यांना 'बोला' म्हणत आले. स्वतः उठून उभं राहायचं, आणि वर खुर्चीवर कोणी दुसरं, हे मनात आलं की ती पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून घोकायला बसते. पण आज दुपारी, राजीनाम्यावर सही केल्यावर, मी दालनात एकटीने मोठ्याने म्हणून पाहिलं, 'अध्यक्ष महोदय.' आवाज माझाच होता. चांगला होता. बाहेरून शिपायाने विचारलं, 'बोलावलंत का?' मी म्हटलं, 'नाही, बोलतेय.'

आजपर्यंत माझं तू बोललास. उद्या माझं मी बोलते. वेळ तेवढा तुझ्या वाट्यातला दे.

तुझी,
आणि उद्या सकाळपासून नुसतीच एक सदस्य